काचेच्या कपाटांतील शर्यती

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि दप्तरांतील कागद उभे राहतात. त्यांच्या पंक्तीस कोणी खेळण्यांतली मोटार आणून बसविली तर वाचक हंसतील, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि आम्ही ती बसविणार आहों. कारण शर्यतीच्या मोटारीइतकी अल्पायुषी वस्तु दुसरी क्वचितच असेल. एका शर्यतींत ती धांवते. पुढच्या शर्यतीपूर्वीं तिचा रंग बदलतो, इंजिन बदलतें, चेपलेला पत्रा जाऊन नवा येतो. आणि तीन-चार वर्षांत ती जुनी झाली म्हणून विकली जाते, मोडीत निघते, किंवा एखाद्या भिंतीवर आदळून संपते. अमुक सालच्या अमुक शनिवारीं दुपारीं चार वाजतां ती कशी उभी होती, तिच्या अंगावर कोणता आंकडा होता, दिव्यांवर कसली जाळी होती, हें सांगणारीं छायाचित्रें असतात खरीं. पण जुनीं छायाचित्रें काळीं-पांढरीं, आणि प्रत्येक चित्र एकाच बाजूचें. तीं सगळीं जमवून, ताडून, त्यांतील विसंगति दूर करून जी एक वस्तु शेवटीं हातीं येते, ती म्हणजे चार इंच लांबीची प्रतिकृति. ती घडविणारास संशोधकाचेंच काम करावें लागतें, आणि संशोधकास जे मोह पडतात तेहि त्याला चुकत नाहींत.

आम्ही येथें बोलणार आहों तें मुख्यतः फ्रान्सच्या पश्चिम भागांतील ल माँ या शहराजवळ होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीविषयीं आणि तींतील गाड्यांच्या प्रतिकृतींविषयीं. नुसत्या वेगाच्या शर्यती पुष्कळ आहेत. ही शर्यत तगण्याची आहे. ती प्रथम झाली २६ व २७ मे १९२३ रोजीं. लोकांस विकत मिळणाऱ्या मोटारी, त्यांचे दिवे, त्यांचीं छतें हीं रात्रीच्या अंधारांत व पावसांत कितपत टिकतात हें पाहण्याचा तेव्हां हेतु होता. येण्याजाण्याच्या साध्या रस्त्यांचाच एक फेरा आंखला होता; त्याची लांबी सतरा किलोमीटरांहून अधिक. त्यावर लागाश व लेओनार या जोडीनें शनार-वाल्कर गाडींतून चोवीस तासांत १२८ फेऱ्या पुऱ्या केल्या. पुढें १९३६ सालीं संपामुळें आणि १९४० पासून १९४८ पर्यंत महायुद्धामुळें व त्याच्या परिणामांमुळें पडलेला खंड वगळला, तर ही शर्यत अखंड चालत आली आहे. आणि तिच्या बहुतेक प्रत्येक वर्षाची विजेती गाडी आज कोणा ना कोणाच्या कपाटांत काचेआड उभी आहे.

प्रतिकृतीचें प्रमाण म्हणजे काय, हें मराठी घरांत फारसें समजावून सांगावयास नको. दिवाळींत अंगणांत किल्ला करणाऱ्या धाकट्यास सिंहगडाच्या दरवाजापेक्षां त्यावरचा पहारेकरी दुप्पट उंच झाल्याचें कांहींच वाटत नाहीं. पण त्याचा थोरला भाऊ तें पाहून नाक मुरडतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतींची सारी विद्या या नाक मुरडण्यांतूनच निघाली आहे. मोटारींच्या संग्राहकांत रूढ झालेलें प्रमाण मूळ गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाचें. हा असा आडनिडा आंकडा कोठून आला, असें कोणीहि विचारील. तो आला आगगाडीवरून. इंग्लंडांत खेळण्यांतल्या आगगाडीच्या एका जातींत एका फुटास सात मिलिमीटर असें प्रमाण धरीत. फुटाचे ३०४.८ मिलिमीटर, त्यांस सातांनीं भागिलें म्हणजे साडेत्रेचाळीस येतात. अशा आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयास कांहीं मोटारी हव्यात, कांहीं माणसें हवींत, म्हणून लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे फ्रँक हॉर्न्बी यांनीं १९३३ च्या अखेरीस लहान लहान ओतीव वाहनें बाजारांत आणिलीं. दुसऱ्याच वर्षीं त्यांस ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें. आगगाडी मागें पडली, मोटारी पुढें गेल्या. प्रमाण मात्र आगगाडीचेंच राहिलें.

या मोटारी जस्ताच्या मिश्र धातूच्या असत. जस्तांत थोडें ॲल्युमिनियम, तांबें व मॅग्नेशियम घालून तो रस पोलादी सांच्यांत दाबानें भरावयाचा, कीं क्षणांत गाडीचें अंग तयार. पण या जस्तांत शिशाचा अत्यल्प अंश जरी राहून गेला, तरी वर्षानुवर्षांनीं धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत आंतल्या आंत गंज चढत जातो. अंग फुगतें, भेगा पडतात, आणि एके दिवशीं झांकण उघडून पाहावें तों पेटींत भुगा! संग्राहक यास जस्ताची कीड म्हणतात. वस्तुतः येथें कीड नाहीं कीं वाळवी नाहीं. महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ गाड्या अशाच गेल्या. जी पोरांनीं आपटून आपटून खेळविली तीहि गेली, आणि जी ट्रंकेंत कापडांत गुंडाळून जपली तीहि गेली. दमट व उष्ण हवेंत हा नाश अधिक त्वरेनें होतो. तेव्हां आमच्या मुंबई-कोंकणच्या संग्राहकांनीं जुन्या मालावर पैसे टाकतांना चार वेळां विचार केलेला बरा.

महायुद्धानंतर शर्यतीच्या गाड्यांस खेळण्यांच्या दुकानांत मोठा मान मिळाला. १९५६ सालीं स्वॉन्सीच्या मेटॉय कंपनीनें ‘कॉर्गी’ या नांवानें डिंकीशीं स्पर्धा मांडली; तिच्या गाड्यांच्या खिडक्यांस पारदर्शक तावदानें होतीं, एवढ्यावरच पोरें खुष. फ्रान्समध्यें फेर्दिनां द वाझेय यांनीं १९३० सालीं स्थापिलेल्या सोलिदो कंपनीनें १९५७ सालीं त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या प्रमाणाची एक नवी मालिका काढली. तिची पहिली गाडी कोणती, तर ल माँची ‘डी’ जातीची जॅग्वार! ही जॅग्वार १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षें तेथें जिंकली. म्हणजे मुलाच्या हातांत आलेली ही वस्तु त्याच्या दृष्टीनें इतिहास नव्हताच, ताजी बातमी होती. चाकाखालीं तारेची स्प्रिंग होती, दाबलें म्हणजे गाडी खालीं बसे. आंकडे मात्र कारखान्याच्या सोयीचे. एकच अंग, आज हिरवा रंग, उद्यां निळा. आज हा आंकडा, उद्यां तो. लेझ्नी कंपनीनेंहि त्याच सुमारास आपल्या जुन्या गाड्यांच्या मालिकेंत १९२९ सालची ल माँची बेंटले काढली. तिचें गिऱ्हाईक मुलगा नसून मुलाचा बाप होता. आणि पुढच्या सर्व घडामोडींचें बीज आमच्या मतें येथेंच आहे.

आपल्या देशाचाहि एक धागा या वस्त्रांत आहे. डिंकीच्या कारखान्यांत वापरून जुने झालेले कांहीं सांचे १९७० च्या आगेंमागें त्या वेळच्या कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नांवाच्या मोटारी निघूं लागल्या. त्यांत जॅग्वारच्या गाड्याहि होत्या. काम ओबडधोबड, रंग जाड. पण आज विलायतेंतील संग्राहक याच गाड्या हौसेनें शोधतात. लिव्हरपूलचा मूळ कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरांत बंद पडला.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना बखर आणि अस्सल कागद यांतला भेद राजवाड्यांनीं जन्माचा शिकवून ठेवला आहे. बखर वाचावयास गोड. पण तिच्यांत सन चुकतो, माणसें एकमेकांच्या जागीं येतात, आणि फौजेचा आंकडा सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणें वाढतो. डिंकी, कॉर्गी, सोलिदो यांच्या जुन्या गाड्या या बखरी होत. १९७० नंतरच्या दशकांत अस्सल कागदाचा आग्रह धरणारी एक पिढी उभी राहिली. ज्यांनीं लहानपणीं बखरी वाचल्या होत्या, तेच हे लोक. इंग्लंडांत जॉन डे, फ्रान्समध्यें आंद्रे-मारी र्यूफ अशा कारागिरांनीं थोडथोड्या प्रतींचीं जुळणीसंच काढण्यास आरंभ केला. पोलादी सांचा परवडावयाचा तर गाड्या हजारोंनीं खपाव्या लागतात. या लोकांनीं रबराच्या चकतींत सांचा कोरून, ती गरगर फिरवून, कथील-शिशाची मऊ धातु तिच्यांत ओतण्याची युक्ति उपयोगांत आणिली. त्यायोगें शेंदोनशें प्रती काढणेंहि शक्य झालें, आणि जी गाडी जिंकली नाहीं, जी रात्रीं दोन वाजतां इंजिन फुटून रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तिचीहि प्रतिकृति करणें परवडूं लागलें. हारलेल्यांस इतिहासांत जागा मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. पुढें धातूच्या जागीं राळेसारखें रेझिन आलें. जाळ्या आणि चाकांचे आरे यांसाठीं आम्लानें कोरलेले पातळ पत्रे आले. आंकडे व जाहिराती पाण्यांत भिजवून चिकटवावयाच्या पापुद्र्यांवर छापून येऊं लागल्या. त्यानंतर १९९० मध्यें जर्मनींतील आखन येथें निघालेली मिनीचॅम्प्स, आणि या शतकाच्या आरंभीं पुढें आलेली, चीनमध्यें गाड्या तयार करविणारी स्पार्क, यांनीं हेंच काम तयार मालाच्या रूपांत घरोघर नेलें. या धंद्याच्या भरभराटीची हकीकत आम्ही येथें लांबवीत नाहीं. आम्हांस गोडी आहे ती अस्सलपणाचा आग्रह धरल्यावर जे पेंच उभे राहतात त्यांची.

पहिला पेंच असा, कीं शर्यत चोवीस तासांची. त्यांतला कोणता क्षण खरा मानावयाचा? १९२७ सालचें उदाहरण घ्या. बेंटलेच्या तीन गाड्या त्या वर्षीं आल्या होत्या. शनिवारीं रात्र पडावयास आली असतां ‘पांढरें घर’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या वळणावर एक फ्रेंच गाडी रस्त्यांत आडवी झाली. पहिली बेंटले तीवर आदळली, मागून येणारी दुसरी त्या गर्दींत सांपडली. तिसरी सॅमी डेव्हिस चालवीत होते. रस्त्यावर माती आणि लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या पाहून त्यांस संशय आला व त्यांनीं वेग आंवरला. तरी धडक टळली नाहीं. मात्र त्यांची गाडी मागें घेतां आली. एक दिवा फुटलेला, पुढचा आंस वांकलेला, चाकांवरचा पत्रा चेपलेला, अशा अवस्थेंत डेव्हिस आणि त्यांचे सोबती डॉक्टर बेंजाफील्ड यांनीं ती रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं चारपर्यंत चालविली, आणि वीस फेऱ्यांच्या अंतरानें शर्यत जिंकली. लंडनला सॅव्हॉय हॉटेलांत विजयाची मेजवानी झाली, तेव्हां त्या गाडीलाहि पाहुणी म्हणून आंत आणिलें होतें. आतां कपाटांत ठेवावयाची कोणती? शनिवारची नवरीसारखी सजलेली, कीं रविवारची जखमी? बहुतेक कारखाने शनिवारची करतात. चेपलेला पत्रा गिऱ्हाइकास कारखान्याचा दोष वाटेल ही भीति. आमचें मत विचाराल तर रविवारचीच करावी. शनिवारीं चार वाजतां सर्वच गाड्या सारख्या असतात.

या गाडीच्या आंकड्यांतहि एक गंमत आहे. तिचें लोकप्रिय नांव ‘जुनी सात नंबरची’. हा सात आंकडा तिला १९२६ सालीं होता. त्या वर्षीं याच दोघांच्या हातीं असतां ती शेवटच्या अर्ध्या तासांत वाळूंत रुतून बसली. ज्या वर्षीं ती जिंकली त्या वर्षीं तिच्या अंगावर आंकडा होता तीन. नांवावर विसंबून जो कारागीर विजेत्या गाडीवर सात लिहील त्याची बखर झाली म्हणून समजावें.

दुसरें उदाहरण याच्या उलट जातीचें आहे. फोर्डच्या ‘जीटी ४०’ या गाड्यांपैकीं १०७५ या क्रमांकाच्या एकाच सांगाड्यानें १९६८ आणि १९६९ अशी दोन वर्षें ल माँ जिंकली. पहिल्या वर्षीं नऊ नंबर घेऊन, दुसऱ्या वर्षीं सहा नंबर घेऊन, दोन्ही वेळां फिक्या निळ्या व नारिंगी रंगांत. (१९६८ ची शर्यत फ्रान्समधील मे महिन्याच्या दंग्यांमुळें जूनऐवजीं सप्टेंबरांत झाली होती.) मूळ गाडी एक, म्हणून ती एका वेळीं एकच आंकडा धारण करूं शकते, नऊ दाखवावा तर सहा लपतो. कपाटांत मात्र दोन्ही शेजारीं शेजारीं उभ्या राहतात. मुळापेक्षां प्रतिकृति अधिक सांगते, असें म्हणण्याचा प्रसंग इतिहासांत वारंवार येत नाहीं. परंतु तिच्या मर्यादाहि याच गाडींत दिसून येतात. १९६९ पर्यंत अशी रीत होती, कीं निशाण पडतांच चालकांनीं रस्ता ओलांडून धांवत जावें, गाडींत उडी घ्यावी आणि निघावें. या घाईंत कमरेचा पट्टा बांधावयास सवड मिळत नसे. त्या वर्षीं जॅकी इक्स हे तरुण चालक सर्वांच्या मागून, फिरावयास निघाल्याप्रमाणें चालत गेले, स्वस्थपणें पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटीं निघाले. पहिल्याच फेरींत पोर्शे ९१७ चालविणारे जॉन वूल्फ अपघातांत मरण पावले. चोवीस तासांनंतर इक्स सुमारें १२० मीटरांच्या अंतरानें जिंकले, आणि ती धांवण्याची रीत बंद झाली. सहा नंबरच्या प्रतिकृतींत आरसे आहेत, पुसणी आहेत, पेट्रोलचें झांकण आहे. तें चालणें नाहीं.

तिसरा पेंच कायद्याचा आहे. १९८२ सालीं पोर्शेच्या ९५६ जातीच्या तीन गाड्या एक, दोन, तीन हे आंकडे घेऊन आल्या आणि त्याच क्रमानें पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. त्यांच्या निळ्या-पांढऱ्या अंगावर रॉथमन्स सिगारेटचें नांव ठळक होतें. १९८८ सालीं जिंकलेल्या जांभळ्या-पांढऱ्या जॅग्वारवर सिल्क कट सिगारेटचें. पुढें देशोदेशीं तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. फ्रान्समध्यें तो कायदा १९९१ सालीं झाला. यामुळें पुष्कळ कारखाने या गाड्यांच्या प्रतिकृती विकतांना तेवढें नांव गाळतात. पट्टे आहेत, रंग आहेत, आणि मधोमध एक चमत्कारिक कोरी जागा! संग्राहक तीं अक्षरें दुसरीकडून वेगळीं विकत घेतात आणि रात्रीं दिव्याखालीं चिमट्यानें चिकटवीत बसतात. कायद्यास दोष देणें आम्हांस कठीण वाटतें. दुकानांत ही वस्तु खेळण्यांच्या फळीवर असते, आणि खेळण्यावर सिगारेटची जाहिरात असूं नये हें कोणत्याहि आईबापांस पटेल. पण ज्या शर्यतींचा खर्च एके काळीं तंबाखूवाल्यांनीं चालविला ही गोष्ट तितकीच खरी आहे, आणि कोरी जागा पाहणाऱ्या मुलाला ती कधींच कळणार नाहीं. ही वस्तु खेळणें कीं कागद, याचा निकाल पन्नास वर्षें लागलेला नाहीं, त्याची ही झळ. अक्षरें गाळणाऱ्यानें निदान डब्यावर तसें छापावें, एवढी अपेक्षा आम्हांस अवास्तव वाटत नाहीं.

सर्वांत अवघड गोष्ट आम्हीं मुद्दाम मागें ठेविली. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ ल माँच्या विजेत्या गाड्यांचा संग्रह करतात. त्यांच्याकडे १९५५ सालची सहा नंबरची जॅग्वार आहे. माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांची. शेजारीं त्याच वर्षींची वीस नंबरची मर्सिडीझ ठेवावी कीं नाहीं, यावर त्यांचा आणि आमचा बराच वाद झाला. “मी विजयांचें कपाट मांडलें आहे, अपघातांचें नव्हे,” असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें समजण्यासाठीं त्या दिवशीं काय झालें तें सांगितलें पाहिजे.

ती मर्सिडीझ चालविणारे प्येर लव्हेग हे त्या वेळीं पन्नाशीच्या घरांतले. तीन वर्षांपूर्वीं, १९५२ सालीं, त्यांनीं आपल्या टॅल्बो गाडींतून सोबत्यास जागा न देतां, एकट्यानें जवळजवळ तेवीस तास गाडी हांकली. चार फेऱ्यांनीं ते पुढें होते. शेवटचा थोडा वेळ उरला असतां इंजिन मोडलें, आणि शर्यत मर्सिडीझनें जिंकली. त्याच मर्सिडीझ कंपनीनें १९५५ सालीं त्यांस आपल्या ताफ्यांत बोलाविलें. ११ जून रोजीं सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्न यांनीं पेट्रोलसाठीं थांबावयाचें म्हणून जॅग्वारचे ब्रेक लावले. जॅग्वारचे ब्रेक नव्या तबकडीच्या जातीचे, ताबडतोब धरणारे. मागून येणारे लान्स मॅक्लिन यांची सव्वीस नंबरची ऑस्टिन-हीली चुकविण्यासाठीं डावीकडे वळली, आणि तिच्या मागच्या भागावर लव्हेग यांची मर्सिडीझ चढून बांधावर जाऊन आदळली. इंजिन आणि पुढचीं चाकें सुटून प्रेक्षकांत घुसलीं. गाडीचें अंग मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचें, तें पेटलें. लव्हेग गेले आणि ऐंशींहून अधिक प्रेक्षक गेले. शर्यत थांबविली नाहीं; लोक एकदम निघाले तर जखमींना नेणाऱ्या गाड्यांची वाट अडेल असें कारण देण्यांत आलें. मध्यरात्रीनंतर मर्सिडीझनें, पुढें असतांहि, आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं हॉथॉर्न व ब्यूब जिंकले.

आमचें म्हणणें असें होतें, कीं सहा नंबरची गाडी ठेविली तेव्हांच वीस नंबरची ठेवण्याचें बंधन आलें. या विजयाचा दुसऱ्या गाड्यांशीं संबंध नाहीं असें दाखवणें म्हणजे सिगारेटचें नांव गाळून कोरी जागा ठेवण्यासारखेंच. त्यावर त्या गृहस्थांनीं जें उत्तर दिलें तें आम्ही येथें प्रामाणिकपणें नमूद करतों. ते म्हणाले, “ती प्रतिकृति चकचकीत रुपेरी आहे. तिला पाहून कोणालाहि सुंदर मोटारच दिसेल. ऐंशी माणसें दिसणार नाहींत. मग ती ठेवून मी खरें सांगितलें असें कसें होईल?” या प्रश्नास आमच्याजवळ पुरतें उत्तर नव्हतें. पांढऱ्या घराजवळच्या बेंटलेसाठीं आम्हीं चेपलेला पत्रा मागितला होता. येथें तसें कांहीं मागणें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं.

शेवटीं त्यांनीं ती आणिली, पण विजेत्यांच्या ओळींत नव्हे. खालच्या फळीवर १९५५ सालच्या तीन गाड्या त्यांनीं एकत्र ठेविल्या आहेत: जॅग्वार, ऑस्टिन-हीली आणि मर्सिडीझ, त्या सायंकाळीं ज्या क्रमानें धांवत होत्या त्या क्रमानें. मॅक्लिन यांची मूळ ऑस्टिन-हीली अजून आहे; २०११ सालीं ती लिलांवांत ८ लाख ४३ हजार पौंडांस गेली. मर्सिडीझचें मूळ त्या संध्याकाळींच जळून गेलें. चालकाच्या पाठीमागें उभारावयाचा, वाऱ्यानें वेग रोखणारा तो मोठा पत्रा, त्याच्यापुढें वीसाचा आंकडा, अशी ती अखंड गाडी आतां पाहावयास मिळते ती एवढ्या चार इंचांतच.